पाकीट उलटून पाहण्याचा महिना

रमजानचा चाँद दिसायच्या आठवडाभर आधी शहापूरच्या बाजारात किराणा दुकानांचा माल फळीवरून पुढच्या टेबलावर येतो. खजुराचे डबे, फेण्यांच्या पिशव्या, लाल सरबताच्या बाटल्या, कस्टर्डची पाकिटे. डोळखांबच्या बाजारपेठेत एवढा थाट नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे गाव आजूबाजूच्या पाड्यांचे बाजाराचे ठिकाण. इथे दोरीला लटकणाऱ्या पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा बारा महिने असतात, त्यांना सणवार लागत नाही. शहापुरातली बाटली आणि डोळखांबातली माळ, दोन्हींच्या पाठीवर एक छोटा तक्ता छापलेला असतो. रमजानच्या पानावर त्या तक्त्याचा विषय यावा, याला कारण आहे.

पाकीट उलटून पाहण्याची सवय या भागातल्या घरांना मुळीच नवी नाही. मुसलमान घरात जेलीचे किंवा मार्शमेलोचे पाकीट आले की त्यातले जिलेटिन कसले, हे पाहिले जाते. हलालचा शिक्का शोधला जातो. शेजारच्या घरात हिरवा ठिपका पाहिला जातो. कोणी कांदा-लसूण आहे का ते वाचते, तर एकादशीला ‘उपवासाचे’ असे छापलेले वेफर्स निवडले जातात. म्हणजे बारीक अक्षर वाचता येते, आणि श्रद्धेसाठी ते वाचण्याचे कष्टही घेतले जातात. अडचण एवढीच, की नजर ठिपक्यापाशी थांबते. हिरवा ठिपका सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोल असे, 2020 च्या नियमांपासून तपकिरी त्रिकोण आला. या खुणांचे काम तेवढेच. साखर शाकाहारी आहे, वनस्पती तूप शाकाहारी आहे आणि मैदा तर सगळ्याच धर्मांना चालतो. ठिपक्यापासून दोन बोटांवर साखर, मीठ आणि चरबीचे आकडे असतात, त्यांच्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

मे 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एकूण 17 आहेत. ही संस्था 1918 मध्ये कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या शोधासाठी सुरू झाली होती, आणि बेरीबेरी हा पांढऱ्या, सडून चकचकीत केलेल्या तांदळावरच पोट भरणाऱ्यांचा रोग. भातपट्ट्यातल्या शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. नव्या तत्त्वांत 2000 उष्मांकांचे एक ताट दिले आहे: तृणधान्ये 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, डाळ-कडधान्ये 85 ग्रॅम, शेंगदाणे-तीळ अशा तेलबिया व सुकामेवा 35 ग्रॅम, दूध-दही 300 मिलिलिटर आणि तेल-तूप 27 ग्रॅम. वजने कच्च्या मालाची. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी डाळीचा काही वाटा त्यांना द्यायचा. संस्थेच्याच म्हणण्यानुसार भारतीय ताटात निम्म्यापासून 70 टक्क्यांपर्यंत ऊर्जा धान्यातून येते. ती 45 टक्क्यांच्या आसपास हवी. डाळी, मांस, मासे यांतून 14 टक्के यायला हवी ती 6 ते 9 टक्केच येते. ज्या ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर कालवणाची धार असते, त्याचे हे आकड्यांतले वर्णन आहे.

हे ग्रॅम वाचून कोणीही वैतागेल. स्वयंपाकघरात तराजू घेऊन कोण बसणार? पण मोजायची जागा चूल नाहीच, किराण्याची यादी आहे. महिन्याची यादी प्रत्येक घर करते, रमजानची तर दोनदा करते. पाच मोठी माणसे आणि 30 दिवस धरले, तर वरच्या ताटाप्रमाणे तेल-तूप मिळून 4 किलो होते, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. यात लोणचे, पापड, फरसाण आणि सुकट-बोंबलातलेही मीठ आले. साखर माणशी 25 ग्रॅम धरली तर पावणेचार किलो, आणि यात चहा, सरबत, बिस्किटे, शिरखुर्मा सगळे मोजायचे. धान्य साडेसदतीस किलो. आणि डाळ-कडधान्ये? पावणेतेरा किलो. घरोघरच्या याद्या काढून पाहिल्या तर तेल आणि साखर या आकड्यांच्या वर गेलेली दिसेल आणि डाळ निम्म्यावरही नसेल. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, पण डाळीचा असा भरवसा नाही. त्यामुळे पोटाचा खड्डा तांदूळ भरतो.

रोजा ठेवल्याने या हिशेबातले काहीच बदलत नाही, फक्त घड्याळ बदलते. दिवसभराचे ताट मगरिबपासून सहरीपर्यंतच्या तासांत बसवायचे असते. खरे तर दोन जेवणांत ताट नीट मांडायला महिनाभराची ही शिस्त सोन्यासारखी संधी. घडते उलटे. कांदाभजी, समोसे, कटलेट, मग लाल सरबत, मग फेण्या. भाजी आणि डाळ तरावीहनंतरच्या जेवणावर ढकलली जातात आणि तोवर भूक मेलेली असते. 27 ग्रॅम तेल म्हणजे दोन टेबलचमचे. तळणीच्या पहिल्या ताटलीतच ते संपून जाते.

सरबताचा हिशेब अधिक डोळे उघडणारा आहे. सरबत किंवा सिरप म्हणून विकायच्या पदार्थात विरघळलेले घन पदार्थ वजनाने किमान 65 टक्के असले पाहिजेत, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे, आणि त्यातला बहुतेक सगळा भाग साखरेचा. दोन टेबलचमचे, म्हणजे 30 मिलिलिटर सिरप पेल्यात ओतले की सुमारे 25 ग्रॅम साखर आत जाते. पाच चमचे. पोषण संस्थेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा इफ्तारच्या पहिल्या पेल्यातच पूर्ण झाली, चहा अजून व्हायचा आहे. त्या मानाने खजूर बरा. खजुरातही साखर भरपूर असते, शंभर ग्रॅमला साठ-सत्तर ग्रॅमच्या घरात, पण ती फळाची, सोबत तंतू आणि पोटॅशियम घेऊन येणारी. आणि तीन खजूर म्हणजे काही शंभर ग्रॅम नव्हे. मात्र खजुराचे पाकीटही उलटावे. काही पाकिटांत घटकांच्या यादीत खजुराशेजारी ग्लुकोज सिरप बसलेले असते, चमक आणि वजन दोन्ही वाढवायला.

आता तो तक्ता. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिले. त्यामुळे पहिल्या तीन नावांतच बहुतेक पाकिटांची जन्मकुंडली कळते. समोर नाचणीचे कणीस रंगवलेले बिस्किट असेल तर मागे पाहावे: मैदा पहिला, साखर किंवा पाम तेल दुसरे, आणि नाचणी कुठेतरी चौथ्या-पाचव्या नंबरला. जो घटक नावात किंवा चित्रात मिरवला आहे त्याची टक्केवारी छापणे बंधनकारक आहे, ती तिथेच सापडते. फळांच्या पेयांचेही तेच. पोषण संस्थेच्या पुस्तिकेतच बजावले आहे की दहा टक्के किंवा त्याहून कमी फळ असलेल्या पदार्थालाही फळाच्या गरापासून बनवल्याचे सांगता येते. साखर तर नावे बदलून येते: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप. चार नावांत वाटली की एकही नाव यादीत वर येत नाही. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक लिहिलेले असते. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, ते पाण्यात हाडे नाहीत म्हणण्यासारखे झाले.

तक्त्यात दोन रकाने असतात. एक शंभर ग्रॅमचा, दुसरा एका खेपेचा. तुलना करायची तर शंभर ग्रॅमचाच रकाना धरावा, कारण खेप किती मोठी ते कंपनी ठरवते. दीडशे ग्रॅमच्या पुड्याची खेप तीस ग्रॅमची असते आणि पुडा फोडणारे पोर तो संपवून मोकळे होते. सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 5 ग्रॅम मीठ. इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटावर हा गुणाकार एकदा तरी करून पाहण्यासारखा आहे.

या तक्त्यात एक गोष्ट मात्र अशी आहे की ती चौकस वाचकालाही फसवते. शेवटच्या रकान्यात दिवसाच्या गरजेची टक्केवारी असते. ती काढताना नियमाने मिसळलेल्या साखरेचा आधार धरला आहे 50 ग्रॅम. पोषण संस्था मात्र दिवसाला 25 ग्रॅमच्या पुढच्या साखरेला जास्त म्हणते. दोन्ही संस्था सरकारीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवा आणि 5 टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले, असे सांगितले होते. 2000 उष्मांकांवर 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम, 5 टक्के म्हणजे 25. पाकिटाने सैल माप घेतले, ताटाने कडक. परिणाम असा, की 25 ग्रॅम साखरेच्या पाकिटावर 50 टक्के छापले जाते, आणि ताटाच्या हिशेबाने ते 100 टक्के असते. ‘अजून निम्मे शिल्लक आहे’ असे समजून माणूस दुसरे पाकीट फोडतो. जोवर दोन मापे एक होत नाहीत तोवर साखरेपुढची टक्केवारी दुप्पट करून वाचावी, हेच शहाणपण. कुराणात कमी मापून देणाऱ्यांबद्दल एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. बाजारात तराजूचा काटा मारणाऱ्याला सगळे ओळखतात. छापील टक्केवारीचा काटा कोणी मारत नाही, तो नियमातच वाकडा बसवला आहे, म्हणून त्यावर भांडणही होत नाही.

डोळखांबच्या माळेकडे परत यावे, कारण खरी गोची तिथे आहे. शहापुरातला ग्राहक निदान चष्मा लावून तक्ता वाचू शकतो. पाड्यावरच्या पोराच्या हातात जी रुपया-दोन रुपयांची गोळी, चिंचेची पुडी किंवा जेलीची डबी येते, तिच्यावर तक्ता नसतोच. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता यांतून नियमानेच सूट आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर दिली की पुरते. ते खोके दुकानदाराच्या गल्ल्यामागे राहते. बेकरीतली सुटी खारी, बटर, नानकटाई यांना तर लेबलच नाही. म्हणजे माहितीचा हक्क पाकिटाच्या आकाराबरोबर लहान होत जातो, आणि लहान पाकीट सर्वांत जास्त कोण घेते हे सांगायला सर्वेक्षण नको.

आणि तक्ता असला तरी कोणत्या भाषेत? लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावे, इतर भाषा जादा म्हणून चालेल, असा नियम आहे. कंपन्या अर्थातच इंग्रजी निवडतात. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या टपरीलाही मराठी पाटी सक्तीची झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. दुकानाच्या कपाळावर मराठी आहे. दुकानात जे पोटात जाण्यासाठी ठेवले आहे, त्याच्यावर नाही. आश्रमशाळेत आठवी-नववीत शिकणारी ठाकर किंवा कातकरी मुलगी मराठी वाचते, घरात अनेकदा तीच पहिली वाचणारी असते. तिला ‘मिसळलेली साखर’ हे शब्द मराठीत दिसले तर ती आईला सांगेल. मराठी पाट्यांसाठी ज्यांनी काचा फोडल्या, त्यांनी एक पत्र दिल्लीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडेही धाडायला हरकत नव्हती.

रेशनच्या तांदळाची कथा याच जातीची. त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 घातलेले दाणे मिसळले जाऊ लागले. 2018 च्या नियमांत अशा लोहयुक्त अन्नाच्या लेबलवर थॅलेसेमिया आणि सिकल सेलच्या रुग्णांसाठी सूचना छापणे आवश्यक होते. पुढे तज्ज्ञांनी असा धोका दिसत नसल्याचे सांगितल्यावर 2024 मध्ये ती सूचना काढण्यात आली. निर्णय शास्त्राने झाला असेल तर ठीकच. पण सिकल सेल हा आदिवासी पट्ट्यातला आजार, आणि सूचना होती तेव्हाही ती गोणीवर होती. तांदूळ सुटा मापून पिशवीत पडतो. सूचना आली कधी आणि गेली कधी, हे ज्याच्यासाठी ती होती त्याला कळले नाही.

‘ज्याला दोन वेळची भ्रांत, त्याला लेबल काय शिकवता?’ असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ताटातल्या 85 ग्रॅम डाळीला आणि 300 मिलिलिटर दुधाला पैसे लागतात. लेबल वाचून ते खिशात येत नाहीत. तरीही पाच रुपयांचा हिशेब गरिबालाच जास्त लागू आहे. पाच रुपयांच्या वेफर्समध्ये 12 ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव 400 रुपयांच्या वर गेला. या भावात तूरडाळ घेऊन वर मीठ-मसाल्याचे पैसे उरतात. थोडी भर घातली तर एक अंडे येते, ज्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 36.1 टक्के कमी वजनाची आढळली. 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. दुसऱ्या टोकाला, आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींवर गेला. पाड्यावरचे कुपोषण आणि शहापूरच्या मोहल्ल्यातला मधुमेह ही दोन वेगळी संकटे म्हणून पाहिली जातात, पण दोन्ही घरांत एकच पाकीट जाते. एका ठिकाणी ते डाळ-अंड्याची जागा खाते, दुसरीकडे साखर चढवते.

मधुमेही रोजेदारांबद्दल इथेच एक गोष्ट. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्शुलिनच्या वेळा बदलून घेणे आवश्यक आहे, आणि बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर फार उतरली तर रोजा सोडण्याची मुभा शरीयतच देते. आजाऱ्यासाठी सूट सांगितली असताना ती न घेणे ही धार्मिकता ठरत नाही.

लेबलवर इशारा समोरच, ठळक हवा की नको, यावर दिल्लीत वर्षानुवर्षे काथ्याकूट चालला आहे. सप्टेंबर 2022 च्या मसुद्यात प्राधिकरणाने अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची कल्पना मांडली. तारे देताना साखर-मिठाचे गुण वजा करायचे आणि फळे, तंतू, प्रथिने यांचे मिळवायचे. म्हणजे साखरेच्या बिस्किटात थोडा कोंडा मिसळला की अर्धा तारा वाढला. चिलीने 2016 मध्ये सरळ काळा अष्टकोन छापायला लावला: साखर जास्त, मीठ जास्त. वाचता न येणाऱ्यालाही काळा अष्टकोन मोजता येतो, जसा हिरवा ठिपका ओळखता येतो. डोळखांबच्या दुकानासाठी ताऱ्यांपेक्षा अष्टकोन शंभर पटीने बरा. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाकिटाच्या दर्शनी भागावरच्या इशाऱ्याबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले होते. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 पासून कागदावर आहे. कोणत्याही शाळेपुढे उभे राहून पन्नास पावले मोजली की त्याचे काय झाले ते दिसते.

तोवर ज्यावर लेबल लागत नाही, ते या तालुक्यात काय आहे? बरेच आहे. वरकस जमिनीत नाचणी आणि वरई निघते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या घरात. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल, हरभरा, मूग येतात. खुरासणीचे तेल, मोहाच्या बियांचे तेल, पावसाळ्यातली शेवळे काकडाच्या फळांसोबत, कुर्डू, टाकळा, भारंगी, करटुली, ओढ्यातले खेकडे. पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्तापुस्तकात 528 भारतीय अन्नपदार्थांचे घटक मोजून दिले आहेत. सुट्या मालाचे लेबल म्हणायचे तर ते पुस्तक. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चात येत असल्याने रानभाज्या नाहीत, पण वाल-हरभरा नेमका याच दिवसांत बाजारात असतो. इफ्तारला भिजवून उकडलेला हरभरा मुसलमान घरांत जुनाच. सहरीला नाचणीची भाकरी किंवा आंबील घेतली, तर मैद्याच्या फेण्यांपेक्षा पोट कितीतरी जास्त वेळ धरते.

सरकारला हे ताट माहीत नव्हते असे नाही. 2015 मध्ये राज्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण सुरू केले. शहापूर तालुका या क्षेत्रात येतो. भाकरी-भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळी. पुढच्या वर्षी लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देणे त्यात आले. योजनेला नाव दिले डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार. रामेश्वरमच्या मुसलमान घरातल्या शास्त्रज्ञाचे नाव सह्याद्रीच्या पाड्यांवरच्या ताटाला आहे, याचा विसर पडू नये. पोषण संस्थेने 2024 मध्ये जे ताट काढून दाखवले, ते या अंगणवाडीच्या ताटापासून फार दूर नाही. मात्र राज्यातल्या इतर शाळांच्या पोषण आहारात आणलेल्या अंड्याचा निधी जानेवारी 2025 मध्ये सरकारने काढून घेतला. डब्यातून अंडे गेले, फाटकाबाहेरची माळ राहिली.

शहापूर, मुरबाड, पडघा, भिवंडीच्या मोहल्ल्यांत रमजानच्या आधी गरजू घरांसाठी रेशनचे किट भरले जाते. पिशवी ठरलेली: तांदूळ, पीठ, साखर, तेल, शेवया-फेण्या, सरबताची बाटली, खजूर, डाळ थोडी. देणाऱ्याचे मन मोठे असते, याद्या मात्र वर्षानुवर्षे तशाच पुढे जातात. यातली बाटली आणि फेण्या काढून त्या पैशांत दोन किलो मसूर, शेंगदाणे आणि डोळखांबच्या बाजारातून आणलेली नाचणी टाकली, तर पिशवी जड होईल आणि पाड्यावरच्या शेतकऱ्याचे चार पैसेही होतील. पिशवीत मराठीत एक चिठ्ठी ठेवता येईल: माणशी दिवसाला साखर पाच चमचे, मीठ एक चमचा, तेल दोन मोठे चमचे. यंदाची किट वाटून झाली आहेत. ईदच्या नमाजाआधीचा फित्रा अजून बाकी आहे. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई. त्यांच्याकडे तो गावाच्या मुख्य धान्यात, माणशी अडीच-तीन किलोच्या मापाने निघतो आणि इथे ते धान्य तांदूळ. फित्र्याच्या तांदळासोबत वरून एक-एक किलो वाल देता येईल का, हे मशिदींच्या कमिट्यांनी शेवटच्या जुम्याच्या आत ठरवायला हवे. वाल तोवर बाजारात आहे.